लावींग लवकर घरी आला

खोटं वाटेल, पण तिपुंग माझी सख्खी मावसबहीण. तिनं हे मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

महाकाम नदीच्या वरच्या अंगाला, पामच्या मळ्यात मजुरांची चाळ आहे. जंगल जाळण्याचे, धुराचे दिवस होते. तिचा नवरा लावींग टोळीबरोबर नदीकाठची शेवटची झाडी तोडायला गेला होता. आमच्या वाडवडिलांची हाडं रांजणांत भरून तिथंच ठेवलेली असायची.

त्या दिवशी लावींग ऊन असतानाच परतला.

"इतक्या लवकर? मुकादमानं हाकललं की काय?"

तो नुसता हसला.

तिला वाटलं, ढोसून आलाय. मग वाटलं, कुणीतरी बाई असणार. काहीतरी निमित्त काढून ती जवळ गेली, वास घेतला.

दारूचा नाही. धुराचाही नाही.

वास होता... ओल्या पानांचा.

पाऊस तर कधीचा गायब होता.

सदऱ्यावर लाकडाचा भुसा नाही. तिच्या हातापायांवर डास तुटून पडलेले. त्याच्या अंगावर... एकही नाही.

तिनं भात आणि खारी मासळी वाढली. तो जेवला. चावल्याचा आवाजच येईना.

"पाडली का रे सगळी झाडं?"

"हो." जरा थांबून म्हणाला, "आता आम्ही राहायचं कुठं?"

"आम्ही म्हणजे कोण?"

तो उठला. मागच्या दारानं बाहेर पडला. ती मागोमाग धावली. पामच्या सरळ रांगा लांबपर्यंत मोकळ्या दिसत होत्या...

कुणीच नव्हतं.

सकाळी टोळीची गाडी आली. लावींग उतरला, नखशिखांत काजळीनं माखलेला.

"वहिनी, रागावू नका," मुकादम म्हणाला. "झाड आडवं पडून रस्ता अडला. सगळे तिथंच अडकलो."

तिपुंगनं नवऱ्याला घरात ओढलं, कालचं सगळं सांगितलं. वाटलं, तो हसेल.

त्याचा चेहरा उतरला.

"थट्टा करतेस? काल संध्याकाळी तूच डबा घेऊन आली होतीस की तिकडं! तुझ्या हातचं जेवलो मी."

"मी चाळीबाहेर पाऊल टाकलं नाही..."



लावींगनं ते काम सोडलं. दोघं आता शहरात राहतात. मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेलो होतो. पानं वाढली, पण पहिला घास कुणी घेईना. तो तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, मला भूक नाही.