वाळ्यावरचं नाव

ज्याला खोटं वाटतंय त्यानं आटपाडीला येऊन आमच्या घरात एक दुपार काढावी. मग बोलावं.

गेल्या वर्षीचा वैशाख. रात्र नव्हती, भर दुपार होती.

माझे चुलते कृष्णाततात्या गलाईवाले. उभी हयात परमुलखात जुनं सोनं-चांदी वितळवण्यात गेली. नातीच्या बारशाला गावी आले, तर आईच्या पेटीत त्यांना चांदीचा एक वाळा दिसला. तान्ह्या लेकराचा. आतून अनोळखी अक्षरं कोरलेली.

"त्याला भट्टी दावू नगंस रं," रंगूबाई, त्यांची आई, म्हणाली. "मामंजींचा जीव हुता त्यात."

मामंजी म्हणजे तात्यांचे आजोबा, कोंडीबा. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं लढले, तुर्कांच्या कैदेत सापडले. तिथं त्यांनी आर्मेनियन लोकांचे तांडे बघितले. घरादारातून हाकललेले, उपाशीतापाशी वाळवंटात चालवलेले. बाया, म्हातारी, लेकरं... वाटेतच मारली जात होती.

एका आईनं हा वाळा कोंडीबांच्या मुठीत कोंबला. लेकरू आधीच गेलं होतं. अक्षरांवर बोट ठेवून ती एकच नाव सांगत राहिली.

कोंडीबा मरेपर्यंत रोज ते नाव घ्यायचे. त्यांच्यामागं ते कुणालाच येत नव्हतं. उरलं होतं फक्त वाळ्यावर.

"आये, कुणाचं बी नाव असू दे," तात्या हसले. "भट्टीत गेलं की नुसती चांदी."

त्यांनी वाळा वितळवला. थोडी भर घालून नातीसाठी नवी जोडी घडवली.

बारशाला अंगण बायकांनी भरलं. पोरीच्या पायात वाळे घातले. आत्या, म्हणजे तात्यांची लेक राणी, पाळण्यावर वाकली.

"कुर्रर्र..."

आणि गप्प.

"अगं, बोल की बया!"

"वैनी... नाव काय ठरलंय?"

सगळ्या खो-खो हसल्या. पोरीची आई सृष्टी सांगायला गेली... आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. महिनाभर घोकलेलं नाव. तिला आठवेना. कुणालाच आठवेना.

तात्या बायकांतून वाट काढत पुढं आले. त्यांनी वाळे तिथंच ओढून काढले.

दुसरं नाव ठरवलं. सकाळपर्यंत तेही गेलं.

तिसरं भिंतीवर खडूनं लिहिलं. भिंत कोरी.

आज पोर वर्षाची झाली. घरात सगळे 'बाळ' म्हणतात. किती हाका मारा, ती ढुंकून बघत नाही.

पण दुपारी... अंगणात चिटपाखरू नसताना... बाहेरून एक बाई हाक मारते. परक्या बोलीत. एकच नाव.

तशी पोरगी खुदकन हसते. रांगत दाराकडं निघते.

तात्या धावत जाऊन तिला छातीशी कवटाळतात. "चुकलं माझं, बाये! लय चुकलं. पुन्यांदा सांग, मी कोरतो." बाई सांगते. स्पष्ट ऐकू येतं. आम्हीही ऐकलंय. पण चांदीला हत्यार लावलं की नाव डोक्यातून जातं, आणि तात्या लहान पोरासारखे रडतात.

परवा पोरगी धरून धरून उभी राहिली. घरात कुणालाच आनंद झाला नाही.

आता दुपारी तात्या दाराला पाठ लावून बसतात.