सात गोलकीपर आणि एक मालिशवाला

खोडरबरने एका अख्ख्या देशाचे गोलकीपर शेजाऱ्याला देऊन टाकले, आणि पंधरा दिवस तिला त्याचा पत्ताही नव्हता. पत्ता लागला तो एका ओल्या छत्रीमुळे.

मंगळवारची दुपार. रिसेप्शनवाली बाहेर गेली होती, म्हणून खोडरबर काउंटरवर डबा उघडून बसली होती. दार ढकलून एक उंच माणूस आत आला आणि त्याने छत्री अशी काही मिटली, की सगळा फवारा तिच्या भाजीवर.

"सॉरी!"

"असू दे. नाहीतरी कोरडीच होती."

तो हसला… पण अर्ध्यावरच थांबला, जणू आपण इथे हसायला आलेलो नाही हे त्याला आठवलं. "साहेब आहेत?"

"शुक्रवारी येतील. काम काय होतं?"

"एका माणसाला नोकरीवरून काढायचंय."

"कोणाला?"

"नाव माहीत नाही. पण अडाणी आहे, एवढं नक्की."

त्या ऑफिसात फुटबॉल मॅनेजरचा गेम बनायचा. त्यात चेंडूला पाय लावायचा नसतो. खुर्चीत बसून संघ निवडायचा आणि हरलं की दुसऱ्यांना दोष द्यायचा. थोडक्यात, संसारासारखाच. त्यासाठी डेटाबेसमध्ये ऐंशी हजार माणसं भरलेली होती. प्रत्येकाचं गाव, देश, आणि धीर, चपळाई वगैरेंना वीसपैकी मार्क. त्यातल्या चुका शोधून खोडायच्या, हे तिचं काम. म्हणून नाव पडलं खोडरबर.

आलेला माणूस शाळेत इतिहास शिकवायचा. काउंटरवर बोटाने नदी काढत मास्तर म्हणाला, "हा वरचा देश, हा खालचा. तेहतीस वर्षांपूर्वी दोन्ही एकच होते, मग वेगळे झाले. तुमच्या गेममध्ये मात्र त्याआधी जन्मलेला प्रत्येक माणूस खालच्या देशाचा! आणि गोलकीपर म्हणजे मुरलेली माणसं, सगळे पस्तिशीचे. त्यामुळे खालच्या देशाकडे सात गोलकीपर, आणि आमच्या वरच्या देशाकडे शून्य. काल, तुम्ही चाचणीसाठी आधीच खेळायला दिलेल्या गेममध्ये, आमच्या गोलात कोण उभं होतं, माहितीये? संघाचा मालिशवाला!"

तिला खुदकन हसू आलं. ते तिने घोटभर पाण्याबरोबर गिळलं. कारण पंधरा दिवसांपूर्वी कॉम्प्युटरने तिला चारशे बारा माणसांबद्दल एकच प्रश्न विचारला होता… देश कोणता? तिला तर हे दोन देश म्हणजे एकाच घराची दोन दारं वाटायची. जुनी राजधानी खालच्या देशात, म्हणजे सगळे तिकडचे. एक बटण दाबलं आणि चहाला गेली.

"एवढ्यासाठी नोकरी?" तिने हळूच विचारलं.

"माझे बाबा वरच्या देशाचे गोलकीपर होते. वेगळं झाल्यावर पहिल्याच सामन्यात त्यांनी खालच्यांची पेनल्टी अडवली. आम्ही इकडे राहायला आलो, तरी तिकडे अजून मुलांना त्यांचं नाव ठेवतात. तुमच्या गेमने जुन्या खेळाडूंच्या यादीत त्यांना खालच्यांचा गोलकीपर केलंय. चार दिवस झाले, बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेत." त्याने खिशातून लिफाफा अर्धा वर काढला. "हे पत्र मी साहेबांच्या हातातच देणार."

शुक्रवारी पाचला गेम बाहेर पडणार होता. त्यानंतर वर्षभर यादीला कुलूप. तो अडाणी मीच, असं म्हणायला तिने तोंड उघडलं… आणि बाहेर पडलं भलतंच. "मी यादी दुरुस्त करते. तुम्ही मदत कराल?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की अडीचला तो हजर. हातात चक्क हजेरीचं रजिस्टर, कानावर पेन्सिल. नियमही त्यानेच ठरवला. "भावना नकोत, पुरावा हवा. जन्मगाव ज्या काठाला, तो देश."

"आणि गाव नदीत बुडालेलं असलं तर?"

"तर तुमच्या त्या अडाण्यालाही त्याच नदीत बुडवू."

ती हसायची, आणि मग घाईघाईने पुढचं नाव उघडायची. दोघांचे चहाचे कप एकमेकांना टेकायचे, खिडकीच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवायचा, तो एकेक गाव वाचून दाखवायचा. मधेच थांबून बघायचा… तिच्याकडे, स्क्रीनकडे नव्हे. अशा वेळी तिची नजर मात्र त्याच्या खिशातल्या लिफाफ्यावर. प्रेमात पडलेल्या बाईने माणसाचं हृदय बघावं, ही त्यावरचा कागद बघत होती.

गुरुवारी तो म्हणाला, "तुम्ही इतक्या चुका पकडता. त्या अडाण्याच्या शेजारी बसून वैताग येत नसेल?"

"येतो ना," ती म्हणाली. "पण त्याला सोडून जाताही येत नाही."

शुक्रवारी साडेचार. चारशे अकरा झाले, एक उरला. त्याचे बाबा. जन्मगावाची जागा कोरी होती. तिने वरच्या देशातल्या त्यांच्या जुन्या क्लबाला लिहून रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवला होता, तो आत्ता येऊन पडला. तिने वाचला. पुन्हा वाचला. मग नकाशा बघितला.

गाव खालच्या काठाला होतं.

मास्तर खिडकीशी उभा राहून छत्री झटकत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. एक बटण दाबलं असतं, तर बाबा खूश, मास्तर खूश, आणि चूक कोणाच्या बापाला कळली नसती. म्हणजे, फक्त त्याच्या बापाला कळली असती. तिचं बोट बटणावर होतं… पण एकदा न विचारता दाबलेल्या बटणानेच तर हे सगळं घडवलं होतं.

"मास्तर, दोन गोष्टी सांगायच्यात. एक, तुमच्या नियमाप्रमाणे तुमचे बाबा खालचेच. आणि दुसरी… तो अडाणी मी आहे."

त्याचं छत्री झटकणं थांबलं. छत्रीतून पाणी टपकत राहिलं.

"चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून…"

"घाबरले होते. आधी नोकरीसाठी. मग… नोकरीसाठी नाही."

त्याने घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बाबा, तुमचा जन्म कुठला?"

पलीकडे पंखा खटकन बंद झाला. मग, "…कोणी सांगितलं?"

"रजिस्टरने."

"मग ऐक. ती पेनल्टी मारणारा माझा मामेभाऊ होता. लहानपणी एकाच अंगणात खेळलो. घाबरला की तो डावीकडेच मारायचा, मी डावीकडे उडी मारली. तेहतीस वर्षं लोक मला शूर म्हणतायत. मी कसला शूर, मी फक्त नातेवाईक!"

"मग गेमवर रागावलात कशाला?"

"रागावलो कुठे? धाबं दणाणलं माझं! म्हटलं, ह्यांना कळलं कसं?" म्हातारा खाकरला. "त्या गेममध्ये दोन देश लिहिता येतात का रे?"

"येतात, काका," खोडरबर म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"मी… ती अडाणी."

"असं होय! पोरी, इतका घोळ घातलास, आणि माझ्याबाबतीत मात्र नेमकी बरोबर निघालीस. दोन्ही देश लिही. आणि त्याला म्हणावं, पत्रबित्र देऊ नकोस."

तिने दोन्ही देश लिहिले तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं होती, आणि नेमके तेव्हाच साहेब आत आले. "मास्तर, रिसेप्शनवाली म्हणत होती, तुम्ही मला काही पत्र देणार होतात?"

मास्तरने लिफाफा काढला. खोडरबरच्या छातीत ताशा सुरू झाला.

"देणार होतो. पण त्यात एक चूक राहिलीय, साहेब. तपासून देतो."

साहेब खांदे उडवून गेले. पाचला गेम बाहेर पडला. मास्तरने पत्र टेबलावर उलगडलं, तर अख्खं पत्र पेन्सिलने लिहिलेलं.

"नोकरी घालवायचं पत्र पेन्सिलने?" तिला हसू आवरेना.

"सवय आहे. मुलांना सांगतो, माणसाबद्दल लिहिताना खोडायची सोय ठेवा. रबर द्या जरा."

तिने दिला. त्याने 'नोकरीवरून काढा' नीट खोडलं, भुगा फुंकला आणि तिच्याकडे हात पसरला. "आता पेन."

"पेन? आणि मग खोडायचं झालं तर?"

"नाही खोडायचं." त्याने मोकळ्या जागी शाईने लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. 'रविवारी चार वाजता आमच्याकडे ये.'

चार दिवसांत त्याने तिला एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं. 'या'च म्हणायचा. तिने तपासनिसाच्या सवयीने ओळ दोनदा वाचली, कागदाची घडी केली आणि आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

"चूक नाही," ती म्हणाली. "येते."

रविवारी बाबांनी तिला गेम खेळून दाखवला. वरच्या देशाच्या यादीत आता चांगले तीन गोलकीपर होते. पण इतके दिवस गोलात उभं राहून मालिशवाल्याचे धीराचे मार्क वीसपैकी एकोणीस झाले होते, आणि बाबा त्याला काही केल्या बाहेर बसवायला तयार नव्हते.

"चुकून आला असेल," ते दोघांकडे बघून म्हणाले, "पण टिकलाय."