नायट्रोजनच्या टाकीतलं मीठ

गुडघे कुरकुरायला लागले की माणसानं लोकांच्या भानगडींत पडू नये, असं गुप्तहेर युजीनला हल्ली रोज वाटे. तरी १९८८च्या त्या दुपारी मेहुण्याला, हिलरीला, घेऊन तो भुईगावच्या मार्सेलशेठच्या तबेल्यात आलाच.

परदेशातल्या एका नामांकित घोड्याचं गोठवलेलं वीर्य तिथं द्रव नायट्रोजनच्या गार टाकीत, बारीक नळ्यांच्या कांड्यांमध्ये ठेवलं होतं. तीन घोड्या भरवल्या, एकही गाभण राहिली नाही. तपासलं तर सगळं मेलेलं.

"डॉक्टरनं खऱ्या कांड्या विकून भुक्कड भरल्या," मार्सेल म्हणाला. "बाहेरचं कोण येणार? सणाच्या आठवड्यात फाटकाला मीच कुलूप घातलं, किल्ली घेऊन वांद्र्याला गेलो. आत फक्त झाडलोटवाली कमळी. डॉक्टरबद्दल पुण्याच्या तबेल्यांना पत्रंही लिहिली."

म्हणजे डॉक्टर फर्डिनंडला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

डॉक्टर फर्डिनंड ओट्यावर मान खाली घालून बसला होता. "आई अत्यवस्थ होती, मी नंदाखालला होतो. टाकी जुनी, दर बुधवारी भरावी लागते. गोखिवऱ्याचा टेम्पोवाला भरून जातो. कमळीला म्हटलं होतं, टाकीतून नायट्रोजनचा धूर निघतो, तो थांबू देऊ नकोस."

युजीननं टाकीच्या गळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं, पांढरा कण जिभेवर ठेवला.

"खारट."

"नायट्रोजन खारट असतो?" हिलरीनं विचारलं.

"नसतो रे बाबा."

कमळी अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. "मासली सांभालतात तशी सांभालली टाकी," एवढंच बोलून तिनं झाडू उचलला.

युजीननं सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"मासळी बर्फ-मिठात राहते. धूर थांबला, कमळी घाबरली, तिनं टाकीत बर्फ आणि मीठ भरलं. बरोबर?"

"डॉक्टर आले त्याच्या आदी पानी ओतून टाकून पुसली, मंग टेम्पोवाल्यानं परत भरली," कमळी रडत म्हणाली. "मीच मारलं."

"नाही. बर्फ घातला तो धूर थांबल्यावर. म्हणजे नायट्रोजन आधीच संपला होता, कांड्या तेव्हाच वाया गेल्या. मग बुधवारचा टेम्पो कुठं होता? शेठ, तो तुमच्या कुलपासमोर हॉर्न वाजवून परत गेला. हिलरीनं आत्ताच फोन करून त्याला विचारलं."

मार्सेल उठून डॉक्टरजवळ आला. मग म्हणाला, "डॉक्टर, झालं गेलं विसरा. राहा इथंच."

"आणि पुण्याची पत्रं?"

"ती... सकाळच्या टपालानं गेली. दुसरी पाठवतो."

फर्डिनंडनं बॅग उचलली. "पाठवा. पण ती वाचणारे आधी पहिली वाचतील."

तो फाटकाकडे निघाला. युजीनला काही बोलावंसं वाटलं, पण एक सकाळ उशिरा आलेल्या माणसानं काय बोलायचं?