फलकावरचे चाळीस टक्के

कातळमाथा गावाच्या चौकातला फलक सांगत होता, गॅसचा साठा चाळीस टक्के. आणि शलाकाची आत्या पाइपातला उतरता दाब पाहून सांगत होती, की चार दिवसांत भट्टी विझवावी लागणार. दोघांपैकी एकाचं नक्की चुकत होतं. आत्याचं तर सहसा चुकत नाही.

आत्याची काचभट्टी शलाकाच्या जन्माआधीपासून पेटलेली होती. लसीच्या कुप्यांची काच तिथे वितळायची. अशी भट्टी एकदा थंड झाली की आतली काच थिजते, विटा तडकतात आणि भट्टी कायमची जाते. गॅस आणणारं जहाज वादळामुळे समुद्रात अडकलं होतं. त्याला यायला आठवडा तरी लागणार होता.

“भट्टी विझू द्यायची नाही म्हणजे नाही!” म्हणत शलाका सायकल दामटत साठागृहात गेली. तिथे मापाडी होता. बाजारात धान्य मोजणाऱ्याचं हे नाव गावाने या यंत्रमानवाला दिलं होतं, कारण तो दिवसभर गॅस मोजायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

“मापाडीदादा, खरं सांग. खाली गॅस आहे की नाही?”

“आहे. पण सगळा काढता येणार नाही.”

“हे काय उत्तर झालं?”

“तुझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा वॉल्व्ह उघड.”

तिने उघडला. फुस्स! आवाज मंदावला आणि थांबला.

“आता ट्यूबमध्ये काय आहे?”

“काही नाही.”

“चूक. थोडी हवा आहेच. आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला, म्हणून ती बाहेर येत नाही. आपला गॅसही कातळातल्या गुहेत दाबून भरलेला आहे. त्याच दाबाने तो पाइपात चढतो. म्हणून तळाचा गॅस कधीच काढत नाहीत. तो आधारसाठा (दाब टिकवण्यासाठी कायम ठेवलेला गॅस). तो उपसला, तर बाहेरच्या कातळात मुरलेल्या पाण्याच्या दाबाने गुहेचं पोलादी अस्तर चेपेल. चाळीसातले तीस टक्के आधारसाठाच आहेत.”

“म्हणजे धरणातल्या मृतसाठ्यासारखं! मग वापरायला फक्त दहाच? आणि तू फलकावर चाळीस लिहितोस?”

“मला एकूण साठा लिहायला सांगितलंय. बाकीचं कुणी विचारलं नाही.”

शलाकाला असा संताप आला! चाळीसच्या भरवशावर गाव हौद भरभरून गरम पाणी वापरत होतं.

संध्याकाळी ती सायकल ढकलत गॅस समितीच्या बैठकीत शिरली आणि सगळ्यांसमोर पुढच्या चाकाचीही हवा सोडून तिने तेच समजावून सांगितलं. अध्यक्ष दत्ताजीराव गंभीर झाले.

“पोरी, दहा लिहिलं तर लोक घाबरतील. भाव भडकेल.”

“भडकेल ना काका. पण भट्टी विझली, तर ती कोणत्या भावाने पेटवाल?”

 मग दत्ताजीराव साठागृहाशी जोडलेल्या भिंतीवरच्या यंत्रात म्हणाले, “लिही रे मापाडी, दहा.”

भाव खरंच चढला. बाजार फक्त आजचा साठा पाहत नाही. थंडी किती राहील, जहाज कधी येईल, तोवर काय उरेल, असा अंदाज बांधून भाव ठरतो. समितीने फक्त स्वयंपाकाच्या गॅसचा भाव वाढू दिला नाही. बाकीच्यांनी मात्र हात आखडता घेतला. हॉटेलांनी बंब बंद केले, धोबीकाकांनी कपडे उन्हात घातले. आत्याने नवी काच वितळवायला घेणं थांबवून भट्टी नुसती तापती ठेवली. शलाका रोज शाळेआधी फलक पाहून यायची. सात. चार. दोन.

शेवटी एका सकाळी फलकावर शून्य आलं. मुख्य झडप बंद झाली. पाइपात उरलेल्या गॅसवर भट्टी कशीबशी जळत होती. शलाका धावत आत्याकडे गेली. दोघी भट्टीच्या झरोक्यातून आत बघत राहिल्या. ज्योत बारीक झाली होती.

एवढ्यात भिंतीवरच्या यंत्रातून मापाडीचा आवाज आला. “जहाज लागलं. झडप उघडतोय.”

ज्योत भसकन मोठी झाली. आत्याने शलाकाला घट्ट जवळ घेतलं. डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही.

“आत्या, पावसाळ्याची बेगमी आपण उन्हाळ्यातच करतो ना? मग गॅसही भाव उतरल्यावर, थंडीआधीच भरून ठेवायचा. आणि शेणापासूनचा गॅस आपला आपण बनवायचा.”

“समितीला सांग.”

“सांगणारच आहे!” शलाका दाराकडे निघाली. “पण आधी पंप दे. दोन्ही चाकं अजून बसलेलीच आहेत.”