कंट्रोलचा तुकडा

विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट सांगताना माझीच मान खाली जाते. दुपारची वेळ होती. जेवणाचा डबा नुकताच धुऊन पालथा घातला होता आणि वरच्या वॉर्डातून माझ्या भाचीच्या यकृताचा तुकडा आला. बर्फाच्या डब्यात, नखाएवढासुद्धा नाही. इस्पितळाच्या तळघरातली लॅब माझ्याकडे. तुकडे कापायचे, रंगवायचे आणि मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवायचे. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टर.

बाहेर बाकावर माझी भावजय बसली होती. तिची धाकटी नीट जागीच होत नव्हती, म्हणून ही तपासणी. पहिला मुलगा असाच एका सकाळी उठला नव्हता. तेव्हापासून माझी आई आणि मी, आम्ही मायलेकींनी एकच धोशा लावला होता, की हिने स्वतःच्या झोपेपायी पोराला उपाशी मारलं. तोंडावर नव्हतो म्हणत, पण तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने नक्की म्हणायचो. त्या दिवशीही तिला खाली आणून बसवलं ते मीच. तपासणीआधी बाळाला काही द्यायचं नव्हतं, झाल्यावरही सांगेपर्यंत नाही, आणि ही बया चोरून पाजेल याची मला खात्री होती. लाज वाटते हो आता. तेव्हा मात्र जराही वाटली नाही.

पेशींतली चरबी बघायची तर तुकडा गोठवून कापावा लागतो. नेहमीच्या पद्धतीत तो स्पिरिटमधून जातो, चरबी धुऊन निघते आणि मागे नुसती भोकं राहतात. भोकांवरून कुणाला काय कळणार, कपाळ! गोठवलेल्या कापाला लाल रंग दिला, की चरबीचे थेंब लालभडक उठून दिसतात. रंग नीट चढतोय ना, हे बघायला सोबत एक चरबीने भरलेला, पारखलेला तुकडा कापायचा. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. आमचा कंट्रोल फ्रीजरमध्ये चांदीच्या कागदात असायचा. फार गुणी. दर खेपेला असा काही लाल व्हायचा, की मी त्याला लाडाने 'माझा राजा' म्हणायचे.

त्या दुपारी मी राजाला गोठवायच्या मशीनमध्ये बसवलं आणि काचेचं झाकण ओढलं. काचेवर वाफ धरली. मी पुसली, जाईना. वाफ आतून होती. एकाच जागी, लहानशी, गोल... विरायची आणि पुन्हा धरायची. मशीनची घरघर चालूच होती, पण तिच्या खालून आणखी एक आवाज येत होता, नाक चोंदलेलं असताना येतो तसा. आणि वास. या खोलीला औषधांचा वास सोडून दुसरा वास मी कधी घेतला नव्हता. त्या दिवशी कोमट दुधाचा वास येत होता.

झाकणाचं रबर गेलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं. भावजय होती.

"ताई... आत कुणाचं बाळ आहे का?"

"इथे कुठलं आलंय बाळ? इथे माणसांचे तुकडे असतात. जा, बस जाऊन."

"रडतंय हो... मघापासून." तिने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. बोटांखालचा कपडा ओला झाला होता. "मला पान्हा फुटला, ताई. असा... असा मोठ्याच्या रडण्यालाच फुटायचा."

मान खाली घालून बोलत होती बिचारी, जणू यातही तिचंच काही चुकलं होतं.

"नाटकं पुरे," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दोन्ही काप रंगवले. बघते तर दोन्हींत तेच. बारीक बारीक लाल थेंब, पेशीन् पेशी खच्चून भरलेली. कापांच्या काचा खालीवर केल्या, पण कुठली कुणाची ते चिठ्ठी बघितल्याशिवाय कळेना. मॅडमना हाक मारली.

"एकाच तुकड्याचे दोन काप दिलेस का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. एक भाचीचा, एक कंट्रोल."

"हा जन्मजात आजार दिसतोय. अशा बाळांना अंगातली चरबी जाळता येत नाही. उपाशी राहिली की साखर संपते आणि झोपेतच जातात. भावंडांमध्ये असतो हा..." बोलता बोलता त्या थांबल्या.

"मॅडम... आपला कंट्रोल कुणाचा?"

त्यांनी चष्मा काढला. "नवं मशीन आलं त्या दिवशी मृत आणलेलं एक बाळ होतं, आमच्याकडे नुसत्या नंबराने आलेलं. नेहमीच्या कापात नुसती भोकं दिसली, म्हणून कारण कळलं नाही असं लिहून दिलं. हा तुकडा मशीनच्या चाचणीला घेतला होता. लाल झाला, तर आम्ही काय, मशीन छान चालतंय म्हणून खूश. तू नव्हतीस ना त्या दिवशी? तू रजेवर..."

"भाचा गेला म्हणून," मी म्हटलं.

आणि मग मला आठवलं. धाकटी पहाटेपासून उपाशी होती. पहारा माझा होता.

मॅडमनी वर फोन लावला. "साखर चढवा! आधी चढवा, मग विचारा काय ते!"

फोन परत वाजेपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. वाचली. डोळे उघडले. आणखी थोडा उशीर झाला असता, तर त्या घरातलं दुसरं मूल माझ्या हातून गेलं असतं.

धाकटीला पाजून भावजय संध्याकाळी खाली आली, तेव्हा मी सगळं सांगितलं. तिचं कधीच काही चुकलं नव्हतं, हे सांगितलं. मोठा इतके दिवस इथेच होता आणि मी त्याला कापत होते, तेही सांगितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला द्याल तो?" एवढंच म्हणाली.

मॅडमनी मानेनेच हो म्हटलं. मी कागद सोडवून तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढा उरला होता. ती बाकावर बसून अलगद झुलू लागली. मी तिच्या पायाशी बसले, माफी मागायला तोंड उघडलं.

"हळू..." ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

मला राहवलं नाही. मी तुकड्याला बोट लावलं. गोठलेली वस्तू बोटाला चिकटते, हे मला कुणी शिकवायला नको, जन्म गेलाय त्यात. पण चिकटलेलं बोट ओढलं की सुटतं. मी ओढलं, तेव्हा त्याने ते आणखी घट्ट धरलं.