चोराने मागे ठेवलेले ठोकळे

“चोरीला काय गेलं?” वहिनींनी दारातूनच विचारलं.

“खुर्ची,” खोलीतली बाई म्हणाली आणि ओशाळली. “कचराकुंडीजवळून उचलून आणलेली.”

भाऊजींनी नुकतंच उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. थोरला भाऊ गेला, त्याचं गुप्तहेरगिरीचं काम वहिनींनी चालवायला घेतलं, तेव्हापासून ते त्यांच्या मदतीला यायचे. पण टाकाऊ खुर्चीचा तपास? हे फारच झालं.

वहिनींनी मात्र खोली नीट पाहून घेतली. बाई ग्रंथालयात नोकरीला होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तळमजल्यावरच्या या एका खोलीत राहायला आली होती. कोणीतरी काढून टाकलेलं दार तिने घासून त्याचं टेबल केलं होतं. जुन्या कपाटाचे खण भिंतीवर ठोकून त्यांत पुस्तकं लावली होती.

“पोलीस हसले,” ती म्हणाली. “दुसरी घ्या म्हणाले. पण ती एकच होती. कामावरून येऊन तिच्यावर टेकले की घरी आल्यासारखं वाटायचं.”

“गेली कशी?”

“काल टेबलाला वॉर्निश लावलं. वास जावा म्हणून दार उघडं ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. तिथे जरा रेंगाळते मी. चार माणसं तरी दिसतात रस्त्यावर. खाली आले तर खुर्ची नाही, आणि हे असं.”

खुर्चीची उशी पलंगावर नीट ठेवलेली होती. जमिनीवर चार लाकडी ठोकळे एका ओळीत मांडलेले होते, आणि प्रत्येकावर त्याचा स्क्रू.

“हे ठोकळे कसले?”

“पायांखाली लावले होते, उंचीसाठी. कुंडीजवळून मी ती थेट समोरच्या सुताराकडेच नेली होती. पॉलिश झाली, ठोकळे लागले, मगच घरात आणली.”

“खुर्ची कोणाच्या डोळ्यांत भरली होती?”

“सुतार विकत मागत होता. माझा भाऊ येतो तेव्हा या सगळ्या सामानाला नावं ठेवतो. बाकी इथे येतंय कोण?”

फाटकावरचा पहारेकरी ठामपणे म्हणाला, “काल खुर्ची घेऊन कोणीही बाहेर गेलेलं नाही. मी जागचा हललो नाही.”

सुताराने रंधा बाजूला ठेवला. “लाकूड झकास होतं, म्हणून मागितली. नाही म्हणाल्या, विषय संपला.”

“पाय मोडले होते का?”

“छे! मुद्दाम कापलेले. चारही अगदी सारखे, करवतीने.”

भावाला फोन लावला, तर तो उखडलाच. “मी चोरू? माझ्या हातात असतं तर सगळंच भंगारात घातलं असतं. काल आलो होतो, पण दार उघडं आणि ताई घरात नाही. तसाच परत फिरलो.”

“हाच तो!” फोन ठेवताच भाऊजी म्हणाले. “स्वतःच कबूल करतोय.”

वहिनी जिना चढू लागल्या. वरच्या मजल्यावर निवृत्त ड्रॉइंग मास्तर एकटे राहत होते. त्यांनी दार अर्धवटच उघडलं. माणूस चांगला उंच होता. पाहुणे बघून केस सारखे करायला ते आरशाकडे वळले, आणि त्यासाठी त्यांना गुडघ्यांत वाकावं लागलं.

“खालच्या बाईंची ओळख आहे?”

“नाही. त्यांच्या घरात कधी गेलो नाही. आणि तसल्या ठेंगण्या खुर्चीसाठी कोण कशाला चोरी करेल?”

“खरंय,” वहिनी म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

खाली आल्यावर त्यांनी बाईला बरोबर घेतलं आणि पुन्हा वर गेल्या. या वेळी मास्तरांनी दार पूर्ण उघडलं. कदाचित त्यांना कळलं होतं.

“चोराला घाई असते,” वहिनी हलक्या आवाजात सांगू लागल्या. “हा मात्र स्क्रू काढत बसला. उशी बाईंनी शिवलेली, ठोकळे बाईंनी लावून घेतलेले. ते सगळं त्याने मागे ठेवलं आणि आपलं होतं तेवढंच नेलं. म्हणजे खुर्ची मुळात त्याची.”

“पण भाऊ?” भाऊजी पुटपुटले.

“तो ठोकळे मोजून ठेवणाऱ्यांतला नाही. सुताराला लाकूड हवं होतं, त्याला ठोकळ्यांची अडचण नव्हती. शिवाय खुर्ची फाटकाबाहेर गेलीच नाही. आणि मास्तर, तुम्ही तिला ठेंगणी म्हणालात. बाईंच्या घरात ती कधीच ठेंगणी नव्हती. सुतार आणि बाई सोडून ते फक्त तिच्या आधीच्या मालकाला माहीत असणार.”

मास्तर आरशाकडे वळले.

“तुमचा आरसाही तुमच्या उंचीचा नाही,” वहिनी म्हणाल्या.

“माझ्या बायकोच्या उंचीचा आहे,” मास्तर म्हणाले. “बसली की तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. म्हणून मीच कापून दिले. ती गेल्यावर ती रिकामी खुर्ची बघवेना. रागाच्या भरात कुंडीजवळ ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी धावत गेलो तर जागेवर नव्हती.” ते बाईकडे वळले. “काल तुमच्या उघड्या दारातून दिसली. मागायला हवी होती. पण स्वतःच टाकलेली वस्तू कोणत्या तोंडाने मागू?”

आतल्या खिडकीपाशी खुर्ची होती. बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण ती बसली नाही.

“राहू दे इथेच,” ती म्हणाली. “कशा होत्या त्या?”

“भांडखोर.” मास्तर म्हणाले. “दिवसभर भांडायची. आता या घरात आवाजच नाही.”

बाई म्हणाली, “मला रविवारी सुट्टी असते. येईन मी बसायला.”

मास्तरांनी मान हलवली. ती दाराशी पोचली, तेव्हा ते म्हणाले, “रविवार फार लांब आहे हो.”

बाई उंबऱ्यातच थांबली. मग तिने चपला काढल्या, मागे फिरली आणि खिडकीखाली जमिनीवरच मांडी घालून बसली.

भाऊजी काहीतरी विचारणार होते. वहिनींनी त्यांच्या कोपराला हात लावला, आणि दोघं आवाज न करता जिना उतरू लागली.