शमककण

त्या रसायन कारखान्यात गेल्या कित्येक महिन्यांत कुणाचा आवाज चढला नव्हता. याचं श्रेय सगळे डॉ. यामिनी टिळेकरांच्या शोधाला देत, आणि तो फक्त हृदयरोगी कामगारांनाच टोचला जातो अशा समजुतीत टिळेकरांना त्याचा अभिमानही होता. मग एका सकाळी सुगंधा हुमणे त्यांच्या प्रयोगशाळेत आली.

"माझ्या नवऱ्याची तीन बोटं मशीनमध्ये गेली," ती म्हणाली. "काम भरभर व्हावं म्हणून मशीनवरची संरक्षक जाळी साहेबांनीच काढायला लावली होती. आणि देवराम म्हणतो, जाऊ दे. असा नव्हता हो तो. काय घातलंत त्याच्या रक्तात?"

टिळेकरांनी समजावलं. माणूस संतापला की रक्तात ॲड्रिनलिन उसळतं, नाडी धावते, आणि दुबळं हृदय तेवढ्यानंही बंद पडू शकतं. त्यांचे वडील असेच भांडता भांडता कोसळले होते. म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालून त्यांनी शमककण घडवले. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे हे कण रक्तात फिरतात आणि ॲड्रिनलिन उसळताच टिपून घेतात. अंग तापत नाही, म्हणून मनातला रागही टिकत नाही.

"पण त्याचं हृदय तर ठणठणीत होतं," सुगंधा म्हणाली.

टिळेकर तडक संचालक राजवाड्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"हे कण हृदयरोग्यांसाठी होते. तुम्ही तपासणीच्या नावाखाली सगळ्या कामगारांना टोचलेत?"

"एकाचीही तक्रार नाही, मॅडम."

"तक्रार करायची ताकदच काढून घेतलीत तुम्ही!"

"ताकद काढणारी वस्तू तुम्ही बनवलीत. आम्ही फक्त वाटली."

टिळेकर नोकरी सोडून कोर्टात गेल्या. निकाल लागला: उतारा देऊन कण काढता येतील, पण ज्याच्या-त्याच्या संमतीनेच.

उताऱ्याच्या सुया घेऊन त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये उभ्या राहिल्या. झालेला अन्याय त्यांनी सगळ्यांना नीट सांगितला. कामगारांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकही जण पुढे आला नाही.

"देवराम, निदान तुम्ही तरी?"

"राहू द्या मॅडम. बरं चाललंय."

"बरं?" सुगंधाचा आवाज चिरकला. "हात बघ स्वतःचा. तुला काहीच कसं वाटत नाही?" ती रागानं थरथरत होती.

देवरामनं उरलेल्या दोन बोटांनी तिचा दंड हलकेच धरला. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती.

"मॅडम," तो म्हणाला, "ते कण हिलाही द्या ना. फार त्रास होतोय हो तिला."